चुकलेल्या गणिताची सुट्टी

कॅनरी बेटांपासून पश्चिमेला जपान किती लांब आहे? क्रिस्तोफर कोलंबसचं उत्तर होतं २,४०० सागरी मैल, म्हणजे सुमारे ४,४५० किलोमीटर. खरं उत्तर आहे सुमारे १०,६०० सागरी मैल, म्हणजे १९,६०० किलोमीटर. चूक पंधरा हजार किलोमीटरची. मुंबईहून पुण्याला जायचं म्हणून बेताचा डबा बांधून निघावं आणि पुणं अमरावतीइतकं लांब निघावं, असा हा प्रकार. वर वाटेत एकही स्टेशन असल्याची खबर नाही. इतकं चुकणारा दर्यावर्दी एरवी समुद्रातच संपला असता आणि कुठल्या तरी बंदराच्या वहीत ‘परतला नाही’ एवढी नोंद राहिली असती. या माणसाच्या नावाने मात्र अमेरिकेत दर ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी केंद्र सरकारची सुट्टी असते.

अमेरिकेच्या केंद्र सरकारी सुट्ट्या वर्षाकाठी फक्त अकरा. ख्रिसमस बाजूला ठेवला तर त्यांतल्या तीनच एकेका माणसाच्या नावाच्या आहेत: जॉर्ज वॉशिंग्टन, मार्टिन ल्यूथर किंग आणि कोलंबस. पहिल्याने देश उभा केला, दुसऱ्याने त्या देशाला त्याचीच वचनं ऐकवली. तिसऱ्याने आजच्या पन्नास राज्यांपैकी एकाच्याही जमिनीवर पाय ठेवला नाही. १४९३च्या नोव्हेंबरात तो पोर्तो रिकोला उतरला होता आणि ते बेट आज अमेरिकेच्या ताब्यात आहे, इतकाच काय तो संबंध.

आधी त्या चुकीचं पोट फाडून बघू, कारण आतलं गणित मोठं रंगतदार आहे. पृथ्वी गोल आहे हे तेव्हाच्या युरोपातल्या शिकलेल्या माणसांना ठाऊक होतं. ‘सगळे पृथ्वी सपाट मानत होते आणि एकटा कोलंबस गोल म्हणत होता’ ही गोष्ट घरोघर पोचवली ती अमेरिकन लेखक वॉशिंग्टन आयर्व्हिंगने, १८२८ साली लिहिलेल्या कोलंबसच्या चरित्रातून. खरा वाद आकाराबद्दल नव्हता, मापाबद्दल होता. नवव्या शतकातल्या खगोलशास्त्रज्ञ अल्-फरगानीने विषुववृत्ताच्या एका अंशाची लांबी ५६ पूर्णांक दोन तृतीयांश मैल दिली होती. त्याचा मैल अरबी, दोन किलोमीटरच्या आसपासचा. कोलंबसने तो इटालियन मैल धरला, दीड किलोमीटरहूनही किंचित तोकडा. एवढ्या एका गैरसमजात पृथ्वीचा जवळजवळ चौथा हिस्सा गळून पडला.

मग त्याने आशिया ताणला. युरोपच्या पश्चिम टोकापासून चीनच्या पूर्व टोकापर्यंतची जमीन प्राचीन भूगोलकार टॉलेमी साधारण १८० अंशांची मानत असे. कोलंबसने टॉलेमी सोडला आणि त्याच्याही आधीच्या मारिनसचे २२५ अंश उचलले, कारण ते सोयीचे होते. त्यात मार्को पोलोने पाहिलेल्या मुलखाचे २८ अंश घातले, चीनपासून जपानपर्यंतचे म्हणून ३० घातले आणि आपण कॅनरी बेटांवरून निघणार म्हणून आणखी ९ वजा टाकले. ३६० अंशांच्या गोलात समुद्राच्या वाट्याला उरले ६८. तेही जास्त वाटले म्हणून त्याने ६० धरले. कॅनरी बेटांच्या अक्षांशावरचा एक अंश त्याच्या हिशेबात ४० सागरी मैलांचा, म्हणून साठ गुणिले चाळीस चोवीसशे. प्रत्येक पायरीवर जे माप अंतर कमी करील तेच उचलायचं, ही त्याची पद्धत. आजकाल प्रकल्प अहवाल लिहिणाऱ्यांना ती ओळखीची वाटेल.

स्पेनच्या राणीने नेमलेल्या विद्वानांच्या समितीने ही योजना फेटाळली होती. शाळेच्या पुस्तकांनी त्या समितीला खलनायक केलं. पण त्या मंडळींचं म्हणणं एवढंच होतं, की पृथ्वी याच्या समजुतीपेक्षा बरीच मोठी आहे आणि हा मधेच उपाशी मरेल. म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. वाटेत एक अख्खं खंड आडवं पडलेलं आहे, हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि यालाही.

खर्चाचे आकडे पाहिले तर आणखी गंमत. पहिल्या सफरीला साधारण २० लाख मारावेदी (तेव्हाचं स्पॅनिश चलन) लागले. त्यांतले ११ लाख ४० हजार लुईस दे सांतांखेल या दरबारी अधिकाऱ्याने राजाराणीसाठी उभे केले. तीन जहाजं, माणसं नव्वदच्या आसपास. अनुभवी खलाशाचा पगार महिना १,००० मारावेदी, नवशिक्याचा ६६६. ३ ऑगस्ट १४९२ रोजी पालोस बंदरातून निघून, कॅनरी बेटांवर डागडुजी करून, ६ सप्टेंबरला ही तीन गलबतं पश्चिमेकडे वळली. छत्तिसाव्या दिवशी, १२ ऑक्टोबरच्या पहाटे दोनच्या सुमारास, ‘पिंता’ जहाजावरच्या रोद्रिगो दे त्रियाना नावाच्या खलाशाला किनारा दिसला. तोवर साडेपाच हजारांहून जास्त किलोमीटर कापून झाले होते. म्हणजे कोलंबसच्या हिशेबातलं जपान हजारेक किलोमीटर मागेच राहिलं होतं आणि त्याची त्याला खंत नव्हती.

जमीन पहिल्यांदा पाहणाऱ्याला राजाराणीने वर्षाला १०,००० मारावेदींचं आजन्म वेतन जाहीर केलं होतं. खलाशाच्या दहा महिन्यांच्या पगाराइतकी ही रक्कम दरसाल घरबसल्या मिळणार होती. रोद्रिगोला ती मिळाली नाही. आदल्या रात्री आपल्याला दूरवर एक मिणमिणता दिवा दिसला होता, असं सांगून ती कोलंबसने स्वतःच्या नावावर लावून घेतली.

हाच १०,०००चा आकडा वीस महिन्यांनी पुन्हा येतो, आणि मला या सगळ्या कथेतला हा सर्वांत बोलका आकडा वाटतो. १२ जून १४९४. दुसऱ्या सफरीत कोलंबस क्युबाच्या दक्षिण किनाऱ्याने जात होता. क्युबा संपेना, चीन दिसेना. तेव्हा त्याने जहाजावरच्या लोकांकडून शपथेवर लिहून घेतलं, की हे बेट नाही, ही आशियाची मुख्य भूमी आहे. पुढे कोणी याच्या उलट बोलला तर दंड १०,००० मारावेदी आणि वर जीभ छाटण्याची शिक्षा. जमीन दिसली म्हणणाऱ्याला दहा हजारांचं बक्षीस आणि ती जमीन बेट आहे म्हणणाऱ्याला दहा हजारांचा दंड! चौदा वर्षांनी, १५०८ साली, सेबास्तियान दे ओकांपोने क्युबाला पूर्ण वळसा घालून दाखवला. तोवर कोलंबस वारला होता, २० मे १५०६ रोजी, आपण आशियाच गाठला या समजुतीत. आठ वर्षांपूर्वी याच तारखेला, २० मे १४९८ला, वास्को द गामा खऱ्या हिंदुस्थानात कालिकतला पोचला होता.

कोलंबसचा प्रवास मरणानंतरही थांबला नाही. चार सफरींत त्याने अटलांटिक आठदा ओलांडला. मेल्यावर सेव्हिलमधून अस्थी सांतो दोमिंगोला नेल्या, तिथून १७९५ साली हवानाला आणि क्युबा हातचा गेल्यावर १८९८ साली परत सेव्हिलला. म्हणजे दहादा ओलांडला. १८७७ साली सांतो दोमिंगोत त्याच्या नावाची शिशाची पेटी सापडली, तेव्हा ‘खरा आमच्याकडे’ असा दावा सुरू झाला. २००६ साली डीएनए तपासणीने सेव्हिलमधली हाडं त्याचीच असल्याचं सांगितलं. ती एकूण दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतात.

आता सुट्टीकडे येऊ. तिची तारीखही चुकलेलीच आहे. १२ ऑक्टोबर १४९२ ही जुन्या ज्युलियन पंचांगातली तारीख. आजच्या ग्रेगोरियन पंचांगात तो दिवस येतो २१ ऑक्टोबरला. अमेरिकेने एकदाच ही दुरुस्ती मानली, १८९२ साली. एरवी बाराच. आणि १९७१पासून बाराही नाही, कारण तेव्हापासून ऑक्टोबरचा दुसरा सोमवार ठरला, जो ८ ते १४ यांपैकी कुठल्याही तारखेला पडतो. मी कॅलेंडर लावून पाहिलं. १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांत तो बरोबर १२ तारखेला आला सात वेळा: १९८१, १९८७, १९९२, १९९८, २००९, २०१५ आणि २०२०. खऱ्या तारखेला, म्हणजे २१ला, तो कधीच येऊ शकत नाही.

पहिला मोठा उत्सव १७९२चा, तीनशे वर्षं झाली तेव्हाचा. न्यूयॉर्कमध्ये टॅमनी सोसायटीने जेवणावळ घातली, बॉल्टिमोरमध्ये फ्रेंच वाणिज्यदूताने स्तंभ उभारला. ब्रिटिशांपासून नुकत्याच सुटलेल्या देशाला इंग्रज नसलेला मूळपुरुष हवा होता. कोलंबसवर वारसाहक्क सांगणारा राजा नव्हता, उलट राजाने पाठवलेल्या अधिकाऱ्याने त्याला बेड्या घालून परत धाडला होता. असा पुरुष मिळाला म्हटल्यावर त्याच्या नावाची उधळणच झाली. किंग्ज कॉलेजचं १७८४ साली कोलंबिया झालं. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर शिकायला गेले ते हेच. राजधानीचा जिल्हा कोलंबिया, नदी कोलंबिया, ओहायोची राजधानी कोलंबस. २०२१ साली अमेरिकेतल्या सुमारे पन्नास हजार स्मारकांची पाहणी झाली. लिंकनची १९३, वॉशिंग्टनची १७१ आणि तिसऱ्या क्रमांकावर कोलंबसची १४९. मार्टिन ल्यूथर किंगची ८६.

पण नाव देणं वेगळं आणि सुट्टी देणं वेगळं. सुट्टीसाठी मतदार लागतात. ते आले इटलीहून.

१८८० ते १९२० या चाळीस वर्षांत चाळीस लाखांहून अधिक इटालियन अमेरिकेत उतरले. बहुतेक दक्षिणेकडचे, सिसिली-नेपल्सकडचे, गरीब, कॅथलिक, सावळे. गोऱ्या प्रोटेस्टंट अमेरिकेच्या लेखी ते धड गोरेही नव्हते. न्यू ऑर्लिन्समध्ये ऑक्टोबर १८९०मध्ये पोलीसप्रमुख डेव्हिड हेनेसीचा खून झाला. संशय इटालियनांवर आला, १९ जणांवर आरोप ठेवले, त्यांतल्या नऊ जणांचा खटला चालला. निकाल लागला तो असा: सहा निर्दोष, तिघांबद्दल ज्यूरीचं एकमत नाही, दोषी शून्य. दुसऱ्या दिवशी, १४ मार्च १८९१ला, हजारोंचा जमाव तुरुंगात घुसला आणि त्याने ११ जणांना ठार मारलं. त्यांतल्या काहींवर तर अजून खटला सुरूही झालेला नव्हता. शिक्षा कोणालाही झाली नाही. इटलीने आपला राजदूत परत बोलावला, युद्धाच्या वावड्या उठल्या. अखेर एप्रिल १८९२मध्ये अमेरिकेने पीडितांच्या कुटुंबांसाठी २५,००० डॉलर मोजले. न्यू ऑर्लिन्सच्या महापौरांनी अधिकृत माफी मागितली ती २०१९ साली, १२८ वर्षांनी.

भरपाईनंतर तीन महिन्यांनी, २१ जुलै १८९२ रोजी, राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी जाहीरनामा काढला: २१ ऑक्टोबर हा दिवस कोलंबसच्या चारशेव्या वर्षानिमित्त देशभर सुट्टीचा. चारशे वर्षं काही ११ जणांच्या खुनामुळे भरली नव्हती, ती भरायचीच होती आणि शिकागोत भरणाऱ्या कोलंबस-प्रदर्शनाची तयारी आधीपासून चालू होती. पण निवडणुकीचं वर्ष, नुकतंच मिटवलेलं भांडण आणि एक इटालियन नायक, हे तिन्ही एकाच वेळी हाताशी असताना कुठल्याही राजकारण्याने काय केलं असतं? हॅरिसन तरीही नोव्हेंबरात हरले.

सुट्टीच्या त्या एका दिवसाचे पडसाद मात्र अजून रोज उमटतात. शाळांमधल्या कोलंबस-समारंभासाठी फ्रान्सिस बेलामी नावाच्या माणसाने झेंड्यापुढे म्हणायची एक प्रतिज्ञा लिहिली, अवघ्या २२ शब्दांची. ती वाढत वाढत ३१ शब्दांची झाली आणि अमेरिकेतली मुलं आजही सकाळी ती म्हणतात. त्यात कोलंबसचा उल्लेख नाही.

शिकागोचं कोलंबियन प्रदर्शन तयारी लांबल्यामुळे वर्षभर उशिरा, १ मे १८९३ला उघडलं आणि सहा महिने चाललं. भेटींची संख्या पावणेतीन कोटींच्या घरात, देशाची लोकसंख्या सव्वासहा कोटींच्या आसपास. ९ ऑक्टोबर या एकाच दिवशी सात लाखांहून जास्त माणसं आली. जॉर्ज फेरिसचं महाकाय चक्र तिथेच पहिल्यांदा फिरलं: २६४ फूट उंच, ३६ डबे, डब्यात ६० माणसं, म्हणजे एका वेळी २,१६०. कोलंबसचा पहिला सगळा ताफा त्यात चोवीस वेळा बसला असता, माणशी पन्नास सेंटांत. प्रदर्शनाला जोडून भरलेल्या परिषदांपैकी एक होती सर्वधर्म परिषद. ३१ मे १८९३ला मुंबईहून बोटीने निघालेले स्वामी विवेकानंद ११ सप्टेंबरला बोलले ते तिथे. मुंबईचे बी. बी. नगरकर ब्राह्मो समाजातर्फे आणि वीरचंद गांधी जैनांतर्फे त्याच परिषदेत होते. हिंदुस्थान शोधायला निघून भलतीकडे पोचलेल्या माणसाच्या चारशेव्या वर्षाला हिंदुस्थानची माणसं पाहुणी म्हणून आली होती.

आणि त्याच काळातला आणखी एक आकडा. १८९०च्या जनगणनेत अमेरिकेतल्या मूलनिवासींची संख्या भरली २,४८,२५३. अख्ख्या देशात, एखाद्या जिल्ह्याच्या शहरात मावतील एवढी माणसं. १९००मध्ये ती आणखी घटून २,३७,१९६ झाली. हा त्यांचा तळ. डिसेंबर १८९०मध्ये वुंडेड नी इथे सैन्याने अडीचशेहून जास्त लाकोटा मूलनिवासींना मारलं, त्याला १८९२च्या ऑक्टोबरात दोन वर्षंही झाली नव्हती. न्यूयॉर्कच्या कोलंबस-मिरवणुकीत पेन्सिल्व्हेनियातल्या कार्लाईल इंडियन स्कूलच्या मुलांनी संचलन केलं. घरापासून तोडून, केस कापून, नावं बदलून ज्यांना ‘सुधारलं’ जात होतं ती ही मुलं. मिरवणूक कोणाच्या नावाची आहे हे त्यांना कोणी कसं समजावलं असेल, कोण जाणे.

पुढची वाटचाल भराभर सांगता येते. डेन्व्हरच्या अँजेलो नोचे नावाच्या छपाईवाल्याने पिच्छा पुरवला आणि १९०७मध्ये कोलोरॅडो हे सुट्टी देणारं पहिलं राज्य झालं. दोन वर्षांनी न्यूयॉर्क. आयरिश कॅथलिकांनी १८८२ साली स्थापलेली ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ ही संघटना मागणीच्या पाठीशी होती. १९३४ साली राष्ट्राध्यक्षांनी दर १२ ऑक्टोबरला जाहीरनामा काढावा असा ठराव काँग्रेसने केला. झेंडे लागले, पण कचेऱ्या बंद झाल्या नाहीत.

मधे १९२४ आहे, आणि तिथे थांबायलाच हवं. १९१४मध्ये एका वर्षात दोन लाख ८३ हजार इटालियन आले होते. २६ मे १९२४च्या कायद्याने त्यांचा वार्षिक कोटा ठरवला ३,८४५. शंभरात दीडलाही प्रवेश नाही! कोलंबसच्या नावाने मिरवणूक काढा, पण त्याच्या गावचे लोक आता पुरेत, असा या आकड्याचा अर्थ. आणि बरोबर एका आठवड्याने, २ जूनला, दुसऱ्या कायद्याने देशातल्या सगळ्या मूलनिवासींना अमेरिकेचं नागरिकत्व दिलं. त्यांच्याच जमिनीवर, ४३२ वर्षांनी.

दुसऱ्या महायुद्धात इटली शत्रूपक्षात गेल्यावर नागरिकत्व न घेतलेले सहा लाख इटालियन एका फटक्यात ‘शत्रुदेशीय’ ठरले. घरातले रेडिओ जमा करा, किनाऱ्यालगत फिरू नका. बेसबॉलचा लाडका खेळाडू जो डिमॅजिओ याच्या बापाला सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात मासे धरायला जायची बंदी झाली. दहा महिन्यांनी हा शिक्का पुसला, आणि घोषणेसाठी ॲटर्नी जनरल फ्रान्सिस बिडल यांनी दिवस निवडला १२ ऑक्टोबर १९४२. कोलंबस डेचा याहून थेट उपयोग कधी झाला नसेल. त्याच दिवशी सव्वा लाखाच्या आसपास जपानी वंशाचे लोक छावण्यांत होते, त्यांतले बहुसंख्य अमेरिकेत जन्मलेले नागरिक. त्यांच्या नावाचा कोणी दर्यावर्दी नव्हता.

१९६८मध्ये लिंडन जॉन्सन यांनी सोमवारच्या सुट्ट्यांच्या कायद्यावर सही केली. कारण अगदी व्यवहारी: आठवड्याच्या मधे सुट्टी आली की कारखान्यांत दांड्या वाढतात, आणि सलग तीन दिवस मिळाले की लोक फिरतात, खर्च करतात. त्या गाठोड्यात कोलंबस डे घुसला आणि १९७१पासून पूर्ण केंद्रीय सुट्टी झाला.

एव्हाना दुसऱ्या बाजूची मोजणी सुरू झाली होती, आणि इथे आकडे खरोखर भोवळ आणतात, कारण ते जुळतच नाहीत. हिस्पान्योला बेटावर, आजच्या हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताकात, १४९२मध्ये मूळचे टाइनो लोक किती होते? १९७१मध्ये कुक आणि बोराह या अभ्यासकांनी उत्तर दिलं, ८० लाख. २०२० साली प्राचीन डीएनएवरून काढलेलं उत्तर आहे, फार तर काही दशसहस्रं. एकाच प्रश्नाची दोन उत्तरं, दोन्ही विद्वानांची, आणि त्यांत शंभरपटीहून जास्त फरक. त्यानंतरच्या मोजण्या मात्र बऱ्याच ठाम आहेत. १५०८मध्ये ६०,०००, १५१४मध्ये २६,०००च्या आसपास, आणि शतकाच्या मध्यावर पाचशेही नाहीत असं इतिहासकार ओविएदो लिहून गेला. सुरुवात कुठूनही धरा, शेवट तोच.

यातलं कोलंबसच्या खात्यावर किती लावायचं? चौदा वर्षांवरच्या प्रत्येकाने दर तीन महिन्यांनी ससाण्याच्या पायातली घंटी भरेल एवढं सोनं आणून द्यावं, हा हुकूम त्याचा. १४९५मध्ये सुमारे १,६०० माणसं पकडून त्यांतली ५५० स्पेनला विकायला धाडली, वाटेत २०० मेली, तेही त्याच्याच कारकिर्दीत. देवीची साथ मात्र बेटावर १५१८च्या अखेरीस आली, तो मेल्यावर बारा वर्षांनी. जंतूंचा दोष त्याच्या माथी मारणं अन्यायाचं. गुलामीचा आणि घंटीचा दोष त्याचाच, आणि तो त्या काळाच्या मापानेही लहान नव्हता, नाहीतर १५०० साली राजाने पाठवलेल्या अधिकाऱ्याने त्याला बेड्या घालून परत धाडलं नसतं.

संपूर्ण खंडाचा आकडा २०१९ साली युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी मांडला. १४९२मध्ये दोन्ही अमेरिकांत सहा कोटींच्या आसपास माणसं, आणि १६०० उजाडेपर्यंत त्यांतली ५ कोटी ६० लाख मेलेली. तेव्हाच्या जगातल्या दर दहा माणसांतला एक. शेतं ओस पडली ती साडेपाच कोटी हेक्टरांहून जास्त, महाराष्ट्राच्या पावणेदोन पटींपेक्षा अधिक. तिथे जंगल वाढलं, झाडांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड इतका ओढला, की अंटार्क्टिकाच्या बर्फात दशलक्षात ७ ते १० भागांची घट उमटली आणि तिचा बराचसा वाटा या ओस शेतांचा, असं त्यांचं म्हणणं. हा अंदाज आहे, आणि त्यावर वाद आहेत. पण बर्फातली घट खरी आहे.

त्याच खंडातून जे बाहेर आलं त्याची मोजणी आपल्या ताटात करता येते. एकादशीची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदाचा तो अमेरिकेतला. शेंगदाणा, बटाटा, हिरवी मिरची, चारही तिकडचे. पोर्तुगीज जहाजांतून या नव्या मुलखातली पिकं गोव्याला आणि पश्चिम किनाऱ्याला आली. उपवासाला चालणारे हे पदार्थ ज्ञानेश्वरांच्या काळी या देशात नव्हते.

१९९२ची पाचशे वर्षं आली तोवर जगाचा सूर बदलला होता. सेव्हिलला भरलेल्या जागतिक प्रदर्शनाला चार कोटींहून जास्त भेटी झाल्या, स्पेनच्या तेव्हाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त. त्याच ऑक्टोबरात शांततेचं नोबेल ग्वाटेमालाच्या माया कार्यकर्त्या रिगोबेर्ता मेंचू यांना जाहीर झालं. डेन्व्हरची, म्हणजे सुट्टीच्या जन्मगावचीच, कोलंबस-मिरवणूक विरोधामुळे रद्द झाली. कॅलिफोर्नियात बर्कलीने त्या दिवसाचं नाव बदलून इंडिजिनस पीपल्स डे ठेवलं. दक्षिण डकोटाने तर १९९०मध्येच नेटिव्ह अमेरिकन डे केला होता.

मग एकेक देश सरकू लागला. व्हेनेझुएलात २००२पासून १२ ऑक्टोबर हा मूलनिवासींच्या प्रतिकाराचा दिवस. अर्जेंटिनात २०१०पासून सांस्कृतिक वैविध्याच्या आदराचा. त्रिनिदादने डिस्कव्हरी डे १९८५मध्येच सोडला आणि गुलामगिरीतून मुक्तीचा दिवस धरला. ज्या बहामात त्याचं पहिलं पाऊल पडलं, तिथे २०१३पासून तो राष्ट्रीय वीरांचा दिवस आहे. स्पेनचा मात्र तो राष्ट्रीय दिन आहे आणि माद्रिदमध्ये लष्करी संचलन होतं.

कोलोरॅडोचा शेवट मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. १९०७मध्ये ज्याने सुट्टी सुरू केली त्याच राज्याने २०२०मध्ये, ११३ वर्षांनी, ती रद्द केली आणि तिच्या जागी फ्रान्सिस झेवियर कॅब्रिनी यांच्या नावाची सुट्टी आणली. इटलीतून आलेली ही जोगीण. तिने ६७ शाळा, इस्पितळं आणि अनाथालयं उभारली, त्यांतलं एक अनाथालय न्यू ऑर्लिन्समध्ये, जमावाने ११ जणांना मारलं त्याच्या पुढच्याच वर्षी. इटालियनांना त्यांचा मान हवा होता. तो मान एखाद्या इटालियन स्थलांतरिताच्या नावाने देता येतो, हे कळायला शतकाहून जास्त काळ गेला.

केंद्रात अजून ओढाताण आहे. २०२१मध्ये जो बायडन यांनी दोन्ही दिवसांचे जाहीरनामे काढले, २०२५मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी फक्त कोलंबसचा. २०२०च्या जनगणनेत इटालियन वंश सांगणारे सुमारे १ कोटी ६८ लाख आणि मूलनिवासी वंश सांगणारे ९७ लाख. १९००च्या २,३७,१९६शी ताडून पाहिलं तर या दुसऱ्या आकड्याचं वजन कळतं, आणि राजकारण का बदलतंय हेही.

मला विचाराल तर ही सुट्टी १४९२च्या सफरीची कधीच नव्हती. ती १८९१च्या ११ प्रेतांची, १९२४च्या ३,८४५ची आणि १९४२च्या सहा लाखांची आहे. आपणही इथलेच, हे सांगण्यासाठी एका समाजाने हाताशी असलेलं सर्वांत मोठं नाव पुढे केलं. त्या समाजाचा हेतू चांगला होता, पण त्याने निवडलेला माणूस चुकला. हेतू राखून माणूस बदलता येतो, कोलोरॅडोने तेच केलं.

तुमचं कोणी अमेरिकेत असेल, तर ऑक्टोबरातल्या दुसऱ्या सोमवारी फोन करून आज कशाची सुट्टी आहे ते जरूर विचारा. न्यू जर्सीतून कोलंबस डे असं उत्तर येईल, मेन किंवा न्यू मेक्सिकोमधून इंडिजिनस पीपल्स डे, आणि साधारण निम्म्या राज्यांतून उत्तर येईल की कसली सुट्टी, आम्ही तर कामावर आहोत.